टेंपरेचरचा काटा बंद असलेला ट्रक चिखलदऱ्याच्या घाटात चढवू नका

परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याकडे निघालेल्या एखाद्या जुन्या मालट्रकच्या केबिनमध्ये डोकावून पाहा. मागे सिमेंट, सळ्या, गिट्टी किंवा हॉटेलांचा किराणा. पुढे डॅशबोर्डवर देवाची तसबीर, प्लास्टिकची फुले, आणि त्यांच्या आड गेलेली टेंपरेचरची तबकडी. काटा डावीकडे पडून असतो. गाडी थंड असताना तिथेच, तापल्यावरही तिथेच. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘तो बंदच आहे, गाडीला काही होत नाही.’

सपाट रस्त्यावर, अमरावती-परतवाडा फेऱ्या मारताना, हे उत्तर बरेच दिवस खरे ठरू शकते. घाटात ते कधीतरी एकदाच खोटे ठरते आणि तेवढे पुरते. हेड गॅसकेट उडते, हेडला तडा जातो, गाडी मेळघाटच्या वळणावर उभी राहते आणि मोबाइलला रेंज नसते. त्यानंतर मालक ड्रायव्हरला विचारतो, ‘गाडी तापली हे तुला कळलं नाही का?’ ज्या गाडीत कळायचे साधनच बंद ठेवले, तिच्या ड्रायव्हरला हा प्रश्न विचारायचा अधिकार मालकाला कसा, हे मला कधी समजलेले नाही.

तेवढ्यापुरते हे मत. पण काटा बंद आहे, की खोटे बोलतोय, की खरेच गाडी तापतेय, हे ओळखायचे कसे? ते फार अवघड नाही. बहुतेक वेळा एक वायर काढून लावण्याइतकेच काम असते.

हाच घाट का?

अचलपूर-परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर आहे, चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. म्हणजे गाडीला ७०० मीटरहून अधिक उंची गाठायची असते. मालासकट १६ टनांचा ट्रक धरा. त्याला ७०० मीटर वर उचलायला साधारण ११० मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असते, पण जुने इंजिन त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा कामाला लावते. त्यामुळे नुसत्या चढासाठी नऊ लिटरच्या आसपास डिझेल जळते. उरलेल्या ऊर्जेतली बरीच सायलेन्सरमधून निघून जाते आणि एकूण ऊर्जेची साधारण चौथाई रेडिएटरच्या पाण्यात उतरते. ही उष्णता इतकी असते, की तिच्यावर अडीचशे लिटरहून जास्त पाणी उकळेल. ती सगळी बाहेर फेकायचे काम वीसेक लिटर पाण्याचे आणि एका पंख्याचे.

सपाटीवर गाडी पन्नासच्या वेगाने धावते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला मदत करतो. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगत असते. वारा नाही, इंजिनवर पूर्ण लोड, आणि मे महिन्यात खाली परतवाड्यातच हवा ४४-४५ अंशांची. रेडिएटर अर्धवट चोंदलेला असेल, फॅन बेल्ट सैल असेल, तर तो दोष इथेच उघडा पडतो.

काटा म्हणजे तीन वस्तू

टाटा १६१२, १६१३, ४०७ किंवा लेलँडचा कॉमेट, अशा जुन्या गाड्यांमध्ये टेंपरेचर मीटर म्हणजे तीन साध्या वस्तू असतात: इंजिनच्या हेडमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या घरात बसवलेला सेंसर, तिथून केबिनपर्यंत आलेली एक वायर, आणि डॅशबोर्डवरची तबकडी. (जाता जाता: टाटाच्या ६९७ आणि ४९७ इंजिनांच्या नावातच हिशेब आहे. पहिला आकडा सिलिंडरचा, ९७ म्हणजे बोअर मिलिमीटरमध्ये.)

सेंसरच्या पितळी बोंडात थर्मिस्टर नावाची छोटी गोळी असते. साधी तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. या गोळीचा उलट कमी होतो. असे पदार्थ असतात हे मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्येच नोंदवले होते. पाणी थंड, तर रोध जास्त, वायरमधून करंट कमी, काटा खाली. पाणी गरम, तर रोध कमी, करंट जास्त, काटा वर. करंटच्या परतीची वायर वेगळी नसते. तो सेंसरच्या आट्यांतून इंजिनच्या लोखंडात आणि तिथून बॅटरीला जातो. मेकॅनिक ज्याला अर्थिंग म्हणतात ती हीच, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ तिच्यात निघते.

त्याहून जुन्या काही गाड्यांत वायरच नसते. बोंडापासून तबकडीपर्यंत तांब्याची केसासारखी बारीक नळी असते आणि आतल्या द्रवाच्या वाफेचा दाब काटा हलवतो. ही नळी कुठे चेपली किंवा तुटली, की मीटर कायमचा गेला. तिला सांधा मारता येत नाही, अख्खा मीटर बदलावा लागतो. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी पाहून घ्या, नाहीतर पुढची चाचणी निरर्थक.

आधी केबिनमध्ये बसून पाहा

काटा किती वर गेला यापेक्षा तो किती वेगाने गेला याकडे लक्ष द्या. वीसेक लिटर पाणी ३० अंशांनी तापायला अडीच मेगाज्यूल लागतात. इंजिन पाण्यात सेकंदाला ६० किलोज्यूल उष्णता टाकते असे धरले, रेडिएटर काहीच काम करत नाही असेही धरले, तरी चाळीस सेकंद जातात. लोखंड तापायचा वेळ वेगळाच. तेव्हा खड्ड्यात गाडी आदळली आणि काटा क्षणात लाल रेषेवर जाऊन परत आला, तर ते तापमान असू शकत नाही. ती वायर कुठेतरी चासीला घासून सोलली आहे आणि हादऱ्यासरशी लोखंडाला टेकते आहे. काटा चढावर सावकाश, मिनिटामिनिटाने वर सरकत असेल, तर मात्र तो खरे बोलतो आहे असेच समजा आणि गाडी बाजूला घ्या.

हेडलाइट लावल्या किंवा इंडिकेटर दिला की काटा हलतो? मग सेंसरकडे जाऊच नका. डॅशबोर्डची किंवा इंजिनची अर्थिंगची पट्टी सैल आहे किंवा गंजली आहे. टेंपरेचर आणि डिझेल, दोन्ही काटे एकाच वेळी चुकीचे दाखवायला लागले? दोन सेंसर एकाच दिवशी मरत नाहीत. दोघांना सामायिक असलेला करंटचा पुरवठा तपासा: फ्यूज, तबकडीमागचे कनेक्शन, आणि काही गाड्यांमध्ये मीटरना ठरावीक व्होल्टेज देणारा छोटा स्टॅबिलायझर.

घाट चढताना वर गेलेला काटा अचानक खाली आला, की ड्रायव्हर सुटकेचा श्वास टाकतो. उतार सुरू झाल्यावर हळूहळू आला असेल तर ठीकच आहे. इंजिनवर लोड नसतो. पण चढ चालूच असताना काटा धपकन पडला, तर तो सगळ्यात वाईट इशारा असू शकतो. सेंसर पाण्याचे तापमान मोजतो. होस पाइप फुटून पाणी गळून गेले, की बोंड रिकाम्या जागेत लोंबकळते, त्याला उष्णता नीट पोहोचत नाही आणि काटा ‘थंड’ दाखवतो. आत इंजिन भाजत असते. मला विचाराल तर बंद काट्यापेक्षा हा जास्त घातक, कारण बंद काट्यावर निदान कोणी विश्वास ठेवत नाही.

एक वायर, पाच मिनिटे

गाडी थंड असताना बॉनेट उघडा, सेंसरवरची वायर शोधा. काही इंजिनांवर दोन सेंसर असतात: एक काट्याचा, दुसरा लाल दिव्याचा किंवा बझरचा. चुकीच्या वायरशी खेळून ‘मीटर खराब’ असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत.

चावी चालू करा, इंजिन सुरू करू नका. सेंसरची वायर काढून हवेत ठेवा. काटा पूर्ण थंडावर गेला पाहिजे. आता तीच वायर इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा, तीही थेट नव्हे. मध्ये टेस्टिंगचा छोटा बल्ब धरा आणि दोन-तीन सेकंदांत काढून घ्या. काटा गरमकडे चढायला हवा. जुने मीटर संथ असतात, चढायला सुरुवात झाली तरी पुरे. थेट लोखंडाला धरून ठेवली, तर काही मीटरची आतली तार जळते आणि चांगला मीटर तपासता तपासता खराब होतो.

दोन्ही वेळा काट्याने असे केले, तर तबकडी चांगली, वायर चांगली. दोष सेंसरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. वायर काढल्यावरही काटा गरमच राहिला, तर वायर वाटेत कुठेतरी लोखंडाला लागली आहे. लोखंडाला टेकवूनही काटा हललाच नाही, तर वायर तुटलेली आहे किंवा तबकडीला करंटच येत नाही. काही मोजक्या मीटरचे हे वागणे उलटे असते, म्हणून गाडीचे मॅन्युअल किंवा त्याच मॉडेलची दुसरी चालू गाडी हाताशी असली तर बरे.

एक सावधगिरी. हे सगळे जुन्या, एकवायरी सेंसरसाठी. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. या पिढीच्या ट्रकांत सेंसरची माहिती आधी ईसीयूकडे, म्हणजे गाडीच्या कंप्युटरकडे जाते आणि मग काट्याकडे. तिथे वायर काढून लोखंडाला लावायचा प्रयोग करू नका. त्यासाठी स्कॅनर लागतो.

आटे बसले म्हणजे सेंसर बसला असे नाही

सेंसरच दोषी ठरला, की दुसरी गंमत सुरू होते. दुकानात जुना सेंसर दाखवला जातो, त्याच आट्यांचा नवा मिळतो, बसतोही घट्ट. पण प्रत्येक तबकडी ठरावीक रोधाच्या सेंसरसाठी आखलेली असते. दुसऱ्या गाडीचा सेंसर बसवला तर काटा हलतो, मात्र कायम वीस-पंचवीस अंश चुकतो. खाली दाखवत असेल तर कोणाला पत्ताही लागत नाही. वर दाखवत असेल तर रेडिएटर खोलला जातो, पंप बदलला जातो, आणि गाडी ‘अजून तापतेच’. पार्ट नंबर जुळवून घ्या, १२ व्होल्ट की २४ व्होल्ट ते सांगा. आट्यांवर टेफ्लॉनची टेप जाड गुंडाळू नका. त्याच आट्यांतून करंट परत जातो हे वर आलेच आहे.

सेंसर चांगला की वाईट हे पाहायला साधा मल्टिमीटर चालतो. एक टोक सेंसरच्या पिनेला, दुसरे पितळी अंगाला. थंड असताना रोध मोजा, मग बोंड पातेल्यातल्या पाण्यात सोडून पाणी तापवत न्या. रोध अखंड उतरत गेला पाहिजे, उकळीपर्यंत बरेचदा थंडीतल्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मध्येच अडकला, उड्या मारू लागला, तर सेंसर फेका. ही चाचणी चिखलदऱ्यात केलीत, तर पाणी १०० नव्हे, सुमारे ९६ अंशांनाच उकळेल. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो, आणि उकळबिंदू दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने खाली येतो.

हे चार अंश रेडिएटरमध्येही लागू आहेत. रेडिएटरची कॅप म्हणजे नुसते झाकण नव्हे. तिच्यातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते. अर्धा बार दाब धरला तर पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली झाली, रबर फाटले, की घाटमाथ्यावर तेच पाणी ९६ला उकळून बाहेर येते आणि काटा मात्र लाल रेषेच्या खालीच असतो. मग ‘मीटर खोटा आहे’ म्हणून सेंसर बदलला जातो. मीटर बरोबर होता, कॅप गेली होती. घाटात जाणाऱ्याने सेंसरच्या आधी कॅप बदलावी, कारण ती तपासण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते.

थर्मोस्टॅट काढायची खोड

आता ज्या गोष्टीवर गॅरेजवाल्यांशी माझे हमखास वाजते, ती. आपल्याकडे उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आहे. ‘विदर्भात याचं काय काम, पाणी मोकळं फिरू दे.’ ऐकायला पटते. पण थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडतो. इंजिन तापलेले असताना तो तसाही उघडाच असतो. त्याला काढून उन्हाळ्यात फायदा जवळपास शून्य. तोटा मात्र दोन बाजूंनी. डिसेंबरच्या पहाटे, चिखलदऱ्यात पारा खाली असताना, इंजिन नीट तापतच नाही. डिझेल जास्त जळते, न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते, रिंगा झिजतात. काटा अर्थातच खाली पडून राहतो आणि बोल सेंसरला लागतो. दुसरा तोटा उलटा आहे: काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला, की बायपास कायम उघडा, थोडे पाणी रेडिएटरला वळसा घालून गरमच परत येते, आणि ज्या घाटासाठी हा उपद्व्याप केला त्याच घाटात गाडी अधिक तापते.

काटा कायम खाली असेल आणि वायरच्या चाचणीत सगळे ठीक निघाले, तर आधी विचारा, थर्मोस्टॅट जागेवर आहे का. जुनी गाडी विकत घेतलेल्याला हे बहुधा ठाऊकच नसते.

पाणी कुठले भरता?

वऱ्हाडापुरता एक वेगळा मुद्दा. पूर्णेच्या खोऱ्यातला, अमरावती, अकोला, बुलढाण्यातून जाणारा खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी माणसांना पिववत नाही, पण रेडिएटरमध्ये बिनदिक्कत ओतले जाते. दर्यापूरकडे माल टाकून परतताना हापशावर कॅन भरला, झाले. क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत जमतो, हेडच्या पाण्याच्या वाटांत जमतो आणि सेंसरच्या बोंडावरही जमतो. चुन्याच्या या सालीखाली सेंसर उशिरा आणि कमी तापतो. घाटात तापमान झपाट्याने बदलत असताना काटा मागे राहतो. गाडी तापण्याचे कारण आणि ते न कळण्याचे कारण एकच असण्याचा हा प्रकार. अशा गाडीचा सेंसर काढून पाहिला, तर बोंड पांढरे-तपकिरी झालेले असते. नवा सेंसर लावून ही गाडी बरी होणार नाही. रेडिएटर साफ करा आणि कूलंट भरा. कूलंट महाग वाटत असेल तर निदान त्यात मिसळायचे पाणी आरओचे किंवा बॅटरीचे घ्या.

काट्यावर भरवसा नसेल, तर हल्ली लेझरचा ठिपका पाडणारा इन्फ्रारेड थर्मामीटर फार महाग राहिलेला नाही. थर्मोस्टॅटच्या घरावर नेम धरा आणि काट्याशी ताडून पाहा. चकचकीत धातूवर तो खरे तापमान दाखवत नाही, कमी दाखवतो; त्या जागी काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा. तालुक्याच्या गॅरेजमध्ये हे एक यंत्र असले, तर किती पंप आणि किती हेड विनाकारण खोलायचे वाचतील!

घाटात काटा वर गेलाच तर

सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, चाकांना दगड लावा. वाफ येत नसेल, पाणी गळत नसेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. रिकाम्या गिअरमध्ये किंचित रेस देऊन दोन-तीन मिनिटे चालू द्या, म्हणजे पंप आणि पंखा फिरत राहतील. काटा उतरला नाही तर बंद करा. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र तत्क्षणी बंद. (परदेशी व्हिडिओंत केबिनचा हीटर लावायचा सल्ला असतो. आपल्या जुन्या ट्रकांना हीटरच नाही.) कॅपला अर्धा तास तरी हात लावू नका. कॅप उघडताच आतल्या दाबाखालचे पाणी एकदम उकळून तोंडावर येते. ओल्या फडक्याने हात वाचतो, चेहरा वाचत नाही. तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतले तर हेडला तडा जातो. पाणी टाकल्यावर इंजिन सुरू करून रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलच्या दांडीवर दुधाळ रंग दिसला, तर गॅसकेट गेलेली असण्याची शक्यता मोठी. मग ती गाडी तशीच वर नेऊ नका.

आठ वर्षांहून जुन्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस करावे लागते, म्हणून ती वर्षातून एकदा गॅरेजला लागतेच. ब्रेक, दिवे, रिफ्लेक्टर पाहिले जातात. त्याच दिवशी वायरची ही चाचणी करून घ्यायला मालकाला पाच मिनिटे लागतात, आणि सेंसरला काहीशे रुपये. ड्रायव्हरनेही घाटाची फेरी घेण्याआधी विचारावे: काटा चालू आहे का, थर्मोस्टॅट आहे का, कॅप कधी बदलली? परतवाड्यापर्यंत तासभर गाडी चालवून काटा जागचा हललाच नसेल, तर माल तिथेच थांबवून मालकाला फोन लावावा. धामणगाव गढीच्या पुढे चढ लागला, की फोनही लागेलच असे नाही.